डाव्या हाताचं अक्षर

शाई संपली की मी बाजारातल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात जाते. मी नोकरीला लागले तेव्हापासून तिथले चाचा मला ओळखतात. वह्या, कंपासपेट्या आणि झेरॉक्सच्या गर्दीत शाईच्या बाटल्यांसाठी त्यांनी अजून एक फळी राखून ठेवली आहे. मागच्या थंडीत मी गेले, तेव्हा त्यांनी बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "बाई, तुमच्यासारखे लोक अमरावतीले जमून राहिले म्हनते रविवारी."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"शाईच्या पेनवाले. आपले पेन घेऊन येतात, एकमेकाचे लिहून पाहतात, चाय पितात, घरी जातात. माल आनून देनारा सांगत होता. जाऊन या ना. घरात एकट्या बसून काय करता?"

त्यांनी त्याच कागदावर एक फोन नंबर लिहून दिला. मी तो पर्समध्ये ठेवला आणि तीन दिवस काढला नाही.

मी एकसष्ट वर्षांची आहे. अकोल्यातल्या मुलींच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ झालं नाही. गोरक्षण रोडच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा आहे, तिथे मी राहते. सकाळी दूध येतं, पेपर येतो, स्वयंपाक होतो, आणि अकराला सगळं आवरून झालेलं असतं. मग पुढचा दिवस तसाच पडलेला असतो. कधी दुपारी भाजीवालीला "मेथी कशी दिली?" असं विचारते आणि लक्षात येतं की आज तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य. मोर्शीला माझी धाकटी बहीण असते. तिचा दर पंधरवड्याला फोन येतो. एवढंच बोलणं.

तरी अमरावतीला जायचं म्हटल्यावर माझा पाय उचलत नव्हता. पेन माझ्याकडे चांगले सात-आठ आहेत. अडचण पेनांची नव्हती. एकमेकांचे पेन घेऊन लिहायचं, म्हणजे चार लोकांसमोर लिहायचं. कोणत्या हाताने लिहायचं, हा माझा प्रश्न होता.

हे जरा मागून सांगावं लागेल.

माझं माहेर तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातलं. पहिलीत गुरुजींनी पाटी दिली आणि मी लेखणी डाव्या हातात धरली. गुरुजींनी ती काढून उजव्या हातात दिली. मी परत डाव्यात घेतली. त्यांनी पट्टीने बोटांच्या सांध्यांवर मारलं. पण खरी घाबरली ती आई. "डेबरी पोरगी कोन करून घेईन? लोकाच्या घरी पंगतीत डेबऱ्या हातानं वाढाले गेली त काय म्हनतीन?" आमच्याकडे डावखुऱ्याला डेबरं म्हणतात. आईने जुन्या लुगड्याचा एक पट्टा फाडला. जेवायला बसले की आणि अभ्यासाला बसले की ती तो माझ्या डाव्या हाताला गुंडाळून गाठ मारायची. रागाने नव्हे. गाठ मारताना तिचा चेहरा काळजीनं भरलेला असायचा, म्हणूनच मला रडताही यायचं नाही.

वर्षभरात उजवा हात शिकला. चौथीत तर शाळेत माझ्याइतकं सुरेख अक्षर कोणाचं नव्हतं. घरी कोणी आलं की आई सांगायची, "मोठीची खोड सुटली बाप्पा एकदाची." बहीण तेव्हा पाळण्यात होती. तिला हे सगळं गोष्टीसारखंच माहीत, ऐकून.

खोड सुटली नव्हती. सहावीत असताना वडिलांनी तेल्हाऱ्याच्या बाजारातून मला शाईचा पेन आणला. वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे वावरात गेले की मी कापूस भरून ठेवायच्या खोलीत जाऊन बसायची आणि डाव्या हाताने लिहायची. डाव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या शाईवरून सरकतो, अक्षरं फिसकटतात, करंगळीखालचा सगळा भाग निळा होतो. पुसायला कापूस हाताशीच असायचा. निळा झालेला बोळा मी ढिगात खोल दाबून टाकायची. तो कापूस सरकी काढायला जिनिंगमध्ये गेल्यावर त्याचं काय झालं असेल, याची मला कितीतरी वर्षं धास्ती होती.

ते अक्षर उजव्या हाताच्या अक्षरासारखं मुळीच नव्हतं. जाड, मागे रेललेलं, लहान मुलाने काढल्यासारखं. आणि भाषाही दुसरी. उजव्या हाताने मी शाळेतलं शुद्ध मराठी लिहायची. डावा हात 'मले', 'तुले' असंच लिहायचा. तसं मी ठरवलं नव्हतं, आपोआपच व्हायचं.

लग्न ठरल्यावर आईने एकांतात घेऊन सांगितलं, "तिकडं तो हात दाखवू नको." मी नाही दाखवला. यजमान पाटबंधारे खात्यात होते, स्वभावाने अतिशय सरळ. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर हसून सोडून दिलं असतं त्यांनी. पण पहिल्या वर्षी सांगितलं नाही. पाचव्या वर्षी सांगावं तर 'इतके दिवस काहून लपवलं' हा प्रश्न आला असता. पंधराव्या वर्षी तर सांगायची सोयच उरली नाही. शाळा पाचला सुटायची, ते साडेसहाला यायचे. मधल्या वेळात मी वहीच्या कोऱ्या पानांवर डाव्या हाताने लिहायची. स्टाफरूममध्ये जे बोलता आलं नाही ते, एखाद्या मुलीने विचारलेलं काही, डॉक्टरांकडून आल्यावर सासूबाईंनी विचारलेलं काही. पानं भरली की फाडून सकाळी बंबात टाकायची. अंघोळीच्या पाण्याला तेवढाच जाळ. पुढे गीझर आला, मग बारीक तुकडे करून टाकायला लागले.

शेवटच्या आजारपणात यजमानांचं ऐकू येणं जवळजवळ गेलं होतं. दवाखान्यात मी वहीत लिहायची, ते वाचून बोलून उत्तर द्यायचे. एकदा वही छातीवर ठेवून म्हणाले, "तुयं अक्षर पाहिलं का बरं वाटते मले. फळ्यावरच्यासारखं असते." त्या दुपारी मी पेन डाव्या हातात घेतला होता. काय लिहायचं तेही ठरलं होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली. ती गेली तेव्हा पेन परत उजव्या हातात होता आणि मी लिहिलं, 'संत्र्याचा रस देऊ का?' ते दोन दिवसांनी गेले. आमचा संसार तीस वर्षांचा. तेवढ्या वर्षांत त्यांनी माझं ते अक्षर पाहिलं नाही.

तर असं. चौथ्या दिवशी मी त्या नंबरवर फोन केला. बँकेतले एक अधिकारी निघाले, गप्पिष्ट. "या ना मॅडम, तुम्ही आलात तर आमच्याकडे अकोल्याचं खातं उघडेल," असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसले. मग मला नाही म्हणता आलं नाही.

रविवारी सकाळी सातच्या एसटीने निघाले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून थंडी येत होती. वावरांत तूर उभी होती, कापसाच्या पऱ्हाट्या वाळत आलेल्या होत्या. पर्समध्ये तीन पेन रुमालात गुंडाळून घेतले होते. लग्नाला निघाल्यासारखी मी इस्त्रीची साडी नेसले होते आणि आता त्याची लाज वाटत होती.

अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका छोट्या हॉटेलच्या वरच्या खोलीत सगळे जमले होते. माझ्यासकट सात जण. बँकवाल्यांनी पुढे होऊन सगळ्यांशी ओळख करून दिली. एक दातांचे निवृत्त डॉक्टर होते. दात कोरायची जुनी अवजारं वापरून ते आता निबा घासायचे. धारणीच्या आश्रमशाळेतली एक शिक्षिका होती, पस्तिशीची. पहाटे जीपने परतवाड्यापर्यंत आणि तिथून बसने, असं करून ती आली होती. बाकीचे तिघं अमरावतीचेच. टेबलावर पेपर पसरले होते, त्यावर शाईच्या बाटल्या, ओली फडकी आणि मधोमध एक जाड वही. कोणाचाही पेन उचलायचा, वहीत चार शब्द लिहायचे, पेन पुढे द्यायचा, असा सगळा प्रकार. लोक काय लिहितात ते मी पाहिलं. कोणी 'श्री' लिहायचं, कोणी आपल्या गावाचं नाव. सही तर सगळेच करत होते. निब ओली लिहिते की कोरडी, कागदाच्या मागे शाई उतरते का, यावर अगदी पोटतिडकीने बोलणं चालायचं. आपल्या घरच्याबद्दल कोणी काही बोललं नाही, मलाही कोणी विचारलं नाही. ते मला बरं वाटलं, आणि थोड्या वेळाने तेवढं बरंही वाटेना.

"मॅडम, लिहा ना तुम्ही," बँकवाल्यांनी वही पुढे केली.

मी उजव्या हाताने दोन ओळी लिहिल्या. खोलीत एकदम 'वा' झालं. "काय अक्षर आहे हो! छापल्यासारखं!" एकाने मोबाईलवर फोटो काढला. धारणीची शिक्षिका म्हणाली, "बाई, माझ्या पोरांना दाखवते मी हे." मी हसले. दुसऱ्याच कोणा बाईचं कौतुक मी तिच्या वतीने ऐकून घेते आहे, असं वाटत होतं. आयुष्यभर तसंच वाटत आलं आहे.

मग डॉक्टरांनी आपल्या डब्यातून एक काळा पेन काढला. "हा बघा, माझी फजिती. याची निब तिरकी घासायला गेलो आणि भलत्याच बाजूला तिरकी झाली. कागद खरवडतो नुसता." पेन टेबलाभोवती फिरला. ज्याने त्याने लिहून पाहिलं, तोंड वाकडं केलं, पुढे दिला. माझ्याकडे आला तेव्हा मीही उजव्या हाताने 'श्री' काढला. खरर्र असा आवाज झाला आणि सगळे हसले.

तेवढ्यात शिक्षिकेने पिशवीतून एक औषधाची बाटली काढली. मेळघाटातला हिरडा उकळून, त्यात गंजके खिळे टाकून तिने आणि तिच्या मुलांनी काळी शाई केली होती. सगळे उठून तिच्याभोवती गोळा झाले. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी, बाजूची रिकामी. तो पेन माझ्यासमोरच पडला होता. मी तो डाव्या हातात घेतला. फार विचार केला असं नाही. विचार केला असता तर घेतलाच नसता.

खरखर झाली नाही. निब कागदावरून तेलावरून सरकल्यासारखी गेली. मी लिहिलं, 'आज रविवार आहे. मी अमरावतीले आली. कोनी पाहून नाही राहिलं.' मग पुढे लिहीत गेले, पान अर्धं भरेपर्यंत. तळवा ओल्या शाईवरून सरकत होता. वर पाहिलं तर डॉक्टर उभे होते. ते वहीकडेच पाहत होते.

"अरे, चालला की!" ते म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. "तुम्ही डावखुऱ्या होय? मग बरोबर आहे. तुमच्या हाताला हाच तिरकेपणा लागणार. बघा, उगीच मी निबेला दोष देत होतो."

दुसरे एक गृहस्थ मान वळवून म्हणाले, "माझा पुतण्यापण लेफ्टी आहे. क्रिकेट चांगलं खेळतो." आणि ते परत हिरड्याच्या शाईकडे वळले.

झालं. एवढंच झालं. पट्टी पडली नाही, कोणी दचकलं नाही, कोणी 'मघाशी तर उजव्याने लिहीत होतात' असंसुद्धा म्हटलं नाही. जी गोष्ट मी पंचावन्न वर्षं छातीशी धरून लपवली, ती चार लोकांसमोर आली आणि कोणाच्या चहाचा घोटही थांबला नाही. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मोकळं वाटेल. मोकळं वाटलंही, क्षणभर. त्यानंतर मात्र आतून अगदी रिकामं रिकामं झालं. ज्यांच्यापासून लपवलं ते कोणीच आता नव्हते. आई नव्हती, हे नव्हते. आणि हे जर इतकं साधं होतं, तर मी ते इतकी वर्षं का केलं, असं कोणाला विचारू?

डॉक्टरांनी तो पेन मला देऊन टाकला. मी नको म्हणत होते. "माझ्याकडे पडून राहील, मॅडम. न्या," म्हणाले. मग खालून दही-चटणी घातलेला गरम गिला वडा आला. सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ला. फोटो काढला. शिक्षिकेला धारणीची गाडी गाठायची होती म्हणून ती आधी निघाली. जाताना माझा हात हातात घेतला, तो डावा होता. तळव्यावरची शाई तिच्या बोटांना लागली. "अय्या," म्हणाली आणि पदराला पुसून जिना उतरली.

दर महिन्याला भेटायचं असं ठरलं होतं. पुढच्या महिन्यात कोणाकडे लग्न निघालं. त्याच्या पुढच्या महिन्यात बँकवाल्यांची बदली झाली. ग्रुपवर आता सकाळी फुलांचे फोटो येतात. उन्हाळ्यात त्या पेनची शाई अडकायला लागली, तेव्हा मी धीर करून डॉक्टरांना फोन केला. त्यांना लगेच ओळख पटली नाही. मग म्हणाले, "हां हां, अकोल्याच्या मॅडम! ते छापल्यासारखं अक्षर! विसरेन कसा?" कोमट पाण्यात निब रात्रभर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मी आभार मानले.

निब मोकळी झाल्यावर पहिल्यांदा मी बहिणीला पत्र लिहिलं. डाव्या हाताने, आमच्या बोलीत, तीन पानं. त्यात विशेष काही नव्हतं. घरासमोरचं झाड तोडलं ते, चाचांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते, मला दुपारी कसं वाटतं ते. खाली सही केली नाही. 'तुही ताई' एवढंच लिहिलं. पोस्टात टाकायला स्वतः गेले.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, तुही तब्येत बरी आहे ना? हाताले काही झालं का? पत्र कोनाकडून लिहून घेतलं?"

"मीच लिहिलं."

"काहीतरीच. तुयं अक्षर मले मालूम नाही का?"

"डाव्या हातानं लिहिलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे? आई त सांगत होती, तुही खोड लहानपनीच सुटली म्हनून."

"नाही सुटली."

"मंग आजपर्यंत सांगितलं काहून नाही?"

मी पेनचं टोपण लावलं, परत काढलं. मागून त्यांच्या बागेतल्या मोटरचा आवाज येत होता. मग मोर्शीत यंदा आंबिया बहाराच्या संत्र्याची गळ किती झाली, ते तिने सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, एक बोलू? रागावू नको. ते अक्षर मले वाचताच नाही आलं. एक पान कसंतरी वाचलं, बाकीचं तसंच राहिलं. पुढच्या बारीनं उजव्या हातानंच लिहजो बाप्पा."

"बरं," मी म्हणाले.

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बसले आणि तेच पत्र पुन्हा लिहून काढलं, डाव्याच हाताने, पण सावकाश, एक ओळ सोडून एक, अक्षर मोठं करून. तीन पानांची सात झाली. मध्ये दोनदा उठून पाणी प्याले. पाकिटावरचा पत्ता तेवढा उजव्या हाताने घातला, पोस्टमनला वाचता यावा म्हणून.

ते तिला मिळालं असावं. पंधरा दिवसांनी तिचा नेहमीसारखा फोन आला, नातवाच्या दातांबद्दल बोलली, संत्र्यांना भाव नाही म्हणाली. पत्राचा विषय तिने काढला नाही. मीही विचारलं नाही.